अकरा दिवस, अकरा गावं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि लिहितोय तेही भांडायला. ज्यांना गोडगोड प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी पुढच्या पोस्टची वाट पाहावी.

तर झालं असं. माझ्या पुतण्याचं येत्या फेब्रुवारीत लग्न आहे. (पत्रिका पोचतीलच. इथे वाचून 'आम्हाला कळवलं नाही' असं कुणी म्हणू नये.) मुलगा गुणी आहे, नोकरी चांगली आहे, वडीलधाऱ्यांशी नीट बोलतो. पण गेल्या रविवारी त्याने मला एक एक्सेल शीट पाठवली आणि माझं डोकंच फिरलं. शीटचं नाव 'हनिमून फायनल व्ही ७'. म्हणजे याआधी सहा होऊन गेल्या आणि ही त्यातली सुधारलेली!

मलाच का पाठवली, तर घराण्यात मी 'रेल्वेवाला काका' म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वी प्लॅटफॉर्मवरच्या स्टॉलवर वेळापत्रकाचं पुस्तक मिळायचं, ते मी कादंबरीसारखं वाचायचो. सोबत पुतण्याचा निरोप होता: "काका, जास्त काही नाही, फक्त गाड्यांच्या वेळा चेक करा."

मी चेक केल्या. पुणे, बंगळुरू, म्हैसूर, उटी, कोडाईकनाल, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, अलेप्पी, मुन्नार, कोची, पुणे. पुणं सोडलं तर अकरा गावं. आणि दिवस किती? अकरा. प्रत्येक गावासमोर एक तारीख, प्रत्येक तारखेसमोर 'पाहण्यासारखे' नावाचा रकाना, आणि तो इतका भरलेला की एक्सेलला ओळ जाड करावी लागली होती.

बेरीज करायची ही माझी जुनी खोड. पुणे ते बंगळुरू साधारण २१ तास. बंगळुरू ते म्हैसूर ३. म्हैसूर ते उटी बसने ५. उटीहून छोट्या गाडीने खाली उतरून कोइमतूर ५. कोइमतूर ते कोडाई ६, कोडाई ते मदुराई ४, मदुराई ते रामेश्वरम ४, तिथून कन्याकुमारी ८, पुढे तिरुवनंतपुरम अडीच, अलेप्पी ३, मुन्नार ५, एर्नाकुलम ४, आणि तिथून घरी २७. झाले साडेसत्त्याण्णव तास. अकरा दिवसांचे तास होतात २६४. म्हणजे प्रत्यक्ष चाकांवरच तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ, आणि यात स्टेशनवर ताटकळणं, रिक्षा शोधणं, हॉटेलवाल्याला आधार कार्डांच्या झेरॉक्स देणं धरलेलंच नाही. असे तेरा टप्पे.

पण तास सोडा. तासांनी कुणाचं मन वळत नाही. रात्री मोजा. अकरा दिवसांत रात्री दहा. त्यातल्या तीन गाडीत. उरल्या सात. गावं अकरा. हनिमूनला निघालेल्या जोडप्याला अकरा गावांत मिळून सात रात्री पलंग मिळणार आणि त्यातही सलग दोन रात्री एकाच पलंगावर फक्त एकदा. एवढी फिरती तर आमच्या ओळखीतले एक औषध कंपनीचे एमआर करायचे, पण त्यांना निदान भत्ता मिळायचा.

आता 'मोड' नावाचा रकाना. त्यात वरपासून खालपर्यंत 'ट्रेन, ट्रेन, ट्रेन'. पोराने पहिल्या चौकटीत लिहून माउसने खाली ओढलं होतं. एक्सेलमध्ये ओढलं की रेल्वे कुठेही जाते. मुन्नारला रेल्वे नाही हो! एकेकाळी होती, चहाच्या मळ्यांसाठी बांधलेली छोटीशी लाइन. ती १९२४ च्या महापुरात उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा कुणी बांधली नाही. आज एर्नाकुलमहून मुन्नार म्हणजे १३० किलोमीटरच्या आसपास रस्ता, आणि त्यातला निम्मा घाट. कोडाईकनालचंही तेच. 'कोडाई रोड' असं स्टेशन आहे, ते नकाशावर बघून माणूस खूश होतो. पण त्या नावातला 'रोड' फार महत्त्वाचा आहे. स्टेशनपासून कोडाई ८० किलोमीटर आणि सगळी चढण.

रामेश्वरमहून कन्याकुमारीला रात्रीची गाडी आहे, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि पोराची तारीख चौथ्याच दिवशी पडत होती. एर्नाकुलमला दोन मोठी स्टेशनं आहेत, जंक्शन आणि टाउन, आणि सगळ्या गाड्या दोन्हीकडे थांबत नाहीत. शीटमध्ये नुसतं 'कोची'. म्हैसूरच्या राजवाड्याची खरी रोषणाई असते रविवारी आणि सणासुदीला. शीटमध्ये म्हैसूर बुधवारी, आणि समोर लिहिलंय 'पॅलेस लाइट्स, मस्ट'.

या चुका दुरुस्त करता येतात. तीन ओळी इकडच्या तिकडे केल्या की झालं. माझं भांडण चुकांशी नाहीच. सगळ्या वेळा बरोबर असत्या, सगळी तिकिटं कन्फर्म असती, तरी मी हेच म्हटलं असतं, की हा प्लॅन दोन माणसांसाठी केलेला नाही. हा नकाशासाठी केलेला आहे.

आपल्या मराठी माणसाला 'करणे' या क्रियापदाने झपाटलंय. "आम्ही मागच्या वर्षी केरळ केलं." "राजस्थान केलं का तुम्ही?" "युरोप करून आलो." अरे, केरळ काय थालीपीठ आहे का करायला? आणि याहून भयंकर म्हणजे 'कव्हर करणे'. "मदुराई अर्ध्या दिवसात कव्हर होतं." काय पांघरूण घालताय त्याच्यावर? सहलीत हे चालून जातं, कारण सहलीत चाळीस माणसं असतात आणि शिट्टी वाजवणारा एक मॅनेजर असतो. दमलात तर बसमध्ये बसून राहा, कुणाचं बिघडत नाही. पण दोघांच्या प्रवासात दुसरा दमला की निम्मी सहलच दमलेली असते.

त्यातून लग्न म्हणजे काय प्रकार असतो ते मुलांना माहीत नसतं, पण आपल्याला तर असतं ना? हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, सत्यनारायण, कुलदैवत. मुलगी तीन-चार दिवस धड झोपलेली नसते. डोक्यातल्या पिना काढायलाच एक तास जातो. आणि तिला पूजेच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पुणे स्टेशनवर उभी करायची आणि सांगायचं, चल, आता अकरा गावं!

यावर एक हुकमी उत्तर असतं: "गाडीत झोपायचं, हॉटेलचे पैसे वाचतात." रात्रीच्या प्रवासाचा हा सिद्धांत मीही तरुणपणी हिरिरीने मांडायचो. एकट्या माणसाला, पाठीवर सॅक असेल तर, तो लागूही पडतो. पण ती कन्याकुमारीची गाडी पोचते पहाटे चारच्या सुमाराला. बहुतेक हॉटेलांची खोली मिळते दुपारी बाराला. मधले आठ तास नवी नवरी काय करणार? सूर्योदय बघायचा, ठीक आहे, तो साडेसहाला होऊन जातो. पुढे? वेटिंग रूमच्या नळावर दात घासायचे आणि बॅगांवर बसून राहायचं. वाचलेल्या पैशांत पाठीला लावायचा बाम येतो.

मी हे एवढं तावातावाने लिहितोय, कारण मी हे करून चुकलो आहे. 'केलं' आहे, म्हणा ना!

डिसेंबर १९९९. आमचं लग्न झालं आणि आम्ही निघालो बंगलोर-म्हैसूर-उटी-कोडाई-मदुराईला. तेव्हा मध्यमवर्गीय पुणेकराचा हनिमून म्हणजे हीच गावं, ज्याला परवडेल तो शेवटी एखादं वाढवायचा. प्लॅन माझा. शंभर पानी वहीत हिरव्या शाईने लिहिलेला, मिनिटांसकट. बायकोला मी तो लग्नाआधी वाचून दाखवला होता आणि ती "छान आहे" म्हणाली होती. चहा-पोह्यांनंतर चार वेळा भेटलेली मुलगी आणखी काय म्हणणार?

कोडाईहून खाली उतरताना तिला गाडी लागली. साधीसुधी नाही. बस तीनदा थांबवावी लागली. कंडक्टरने कुठूनतरी लिंबू आणून दिलं, शेजारच्या तमिळ आजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आणि मी काय करत होतो? मी घड्याळ बघत होतो. मदुराईला बारापर्यंत पोचायचं होतं, कारण वहीत तसं लिहिलं होतं. तिसऱ्यांदा बस थांबली तेव्हा मी म्हणालो, "थोडं धर ना, उशीर होतोय."

पोचलो साडेबाराला. मीनाक्षीचं मंदिर दुपारी साडेबाराला बंद होतं, ते चार वाजता उघडतं. हे माझ्या वहीत नव्हतं. चारपर्यंत थांबलो असतो तर पुढची गाडी चुकली असती. मग आम्ही बाहेरून गोपूर बघितलं, मी फोटो काढला आणि स्टेशनवर गेलो. मदुराई कव्हर.

घरी आल्यावर तीन रोल धुवायला टाकले. १०८ फोटो. एकामागून एक बघताना माझ्या वहिनीच्या लक्षात आलं की बायको बहुतेक फोटोंत एकाच मरून स्वेटरमध्ये आहे. "अगं, एवढे कपडे नेले होतेस ना?" बायको म्हणाली, "बॅग उघडायला वेळच नव्हता." सगळे हसले. मीही हसलो. त्यात काय चुकलं होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. 'थोडं धर ना' हे वाक्य मी कधीच विसरलो होतो. ती विसरली नव्हती. अजूनही कुठल्या घाटात कुणाच्या पोराला ओकारी झाली की ती त्या पोराकडे जाते आणि एकदा माझ्याकडे बघते. बोलत काही नाही.

तर शीट आली त्या रात्री मी पुतण्याला फोन केला. "हिने बघितलंय का हे?" म्हणाला, "हो काका, पाठवलं होतं. तिने थंब्ज-अप दिलाय." म्हणजे व्हॉट्सॅपवरचा तो अंगठा. मी म्हटलं, बाबा रे, आपल्याकडे अंगठा उठवणारा माणूस बहुधा कागद न वाचताच उठवत आला आहे. त्याला हा विनोद कळला नाही. सातबारा बघितलेली पिढी नाही.

मग मी गप्प बसलो आणि बायकोला पुढे केलं. तिने होणाऱ्या सूनबाईला फोन लावला, साड्यांचं बोलायला म्हणून. पाऊण तासाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तिला घाट लागतो." (हे इथे लिहू का, असं तिला विचारलं आहे. ती म्हणाली, लिहा काका, नाहीतरी सगळ्यांना कळणारच आहे.) लहानपणापासून लागतो. त्या शीटमध्ये उटीचा चढ, कोडाईचा चढ आणि उतार, मुन्नारचा चढ आणि उतार असे रस्त्याचे पाच घाट होते. उटीला मसिनागुडीवरून गेलात तर एकट्या त्या चढात ३६ हेअरपिन वळणं आहेत, पाट्यांवर आकडे घालून मोजलेली. पोरीने काय ठरवलं होतं माहितेय? गोळी घ्यायची आणि काही बोलायचं नाही. "त्याने इतकं मन लावून केलंय काकू. गोळीने फक्त झोप येते." म्हणजे निम्मा हनिमून ती गुंगीत काढणार होती आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला वाटलं असतं, हिला कशात रसच नाही.

एवढं झाल्यावर मी दादाकडे गेलो. आणि खरं भांडण तिथे झालं, कारण शीट पोराची असली तरी भूक दादाची आहे. दादा-वहिनीचं लग्न १९९२ चं. चार दिवस महाबळेश्वर, पाचव्या दिवशी दादा ऑफिसात, कारण मार्चअखेर. मग मुलं, आईचं आजारपण, घराचे हप्ते. वहिनीने दक्षिणेतला समुद्र बघितला तेव्हा तिचे गुडघे दुखायला लागले होते. दादा म्हणाला, "तू शहाणपणा शिकवू नकोस. पुन्हा जाऊ म्हणतो माणूस, पुन्हा जाणं होत नाही. आत्ता अंगात रग आहे, बघून घेऊ दे. झोपायला घर आहे." (दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. तुझं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय.)

या म्हणण्याला मी हसणार नाही. हे लोभाचं बोलणं नाही, हे हुकलेल्या माणसाचं बोलणं आहे. पण दादा, आपलं हुकलं ते एकाच वेळी अकरा गावं न बघितल्यामुळे नाही हुकलं. पुढच्या तीस वर्षांत दर दोन वर्षांनी चार दिवस काढले नाहीत म्हणून हुकलं. त्याची भरपाई पोरांच्या पहिल्या अकरा दिवसांतून कशाला? रामेश्वरम कुठे जात नाही. पांबनचा १९१४ चा जुना पूल डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, एप्रिल २०२५ मध्ये शेजारी नवा सुरू झाला. मधली दोन-सव्वादोन वर्षं गाडी बेटावर जात नव्हती तरी भाविक जातच होते. पोरं पाच वर्षांनी जातील, तुम्हा दोघांना घेऊन जातील. पण लग्नानंतरचा पहिला आठवडा पाच वर्षांनी येत नाही. त्या आठवड्यात दोन जवळजवळ अनोळखी माणसं ठरवत असतात की या घरात 'मला नको' असं म्हटलेलं चालतं की नाही. आणि एकदा पहिल्याच आठवड्यात ते चालत नाही असं ठरलं, की पुढे मोडायला फार जड जातं. कोडाईच्या घाटात आमचं जे ठरलं ते मोडायला आम्हाला दहाएक वर्षं लागली.

दादा काही बोलला नाही. वहिनीने चहा आणला, आणि जाताजाता म्हणाली, "महाबळेश्वरला निदान आपण झोपलो तरी होतो." यावर दादा हसला, म्हणून मी पुढे बोलू शकलो.

आता उलट बाजूच्या लोकांशीही दोन शब्द. हे लोक माझ्याच जातीचे, रेल्वेवेडे. यांचं म्हणणं, ट्रेनने हनिमून म्हणजे काय रोमँटिक! बाबांनो, आरएसीवर कधी गेला आहात का? साइड लोअर बर्थवर दोघांनी अर्ध्या-अर्ध्यात बसायचं. ऐकायला छान वाटतं, पण पाय पसरायचे कुणी याचा निकाल रात्री अकरापर्यंत लागलेला असतो आणि तो प्रेमाने लागत नाही. वेटिंग लिस्टचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं. पैसे मिळतात, गाडी मिळत नाही. पुतण्याचं ॲप एका टप्प्याला '७८ टक्के कन्फर्म होईल' म्हणत होतं. ७८ टक्के बर्थवर झोपता येत नाही. फर्स्ट एसीत दोघांचा कूपे असतो हे खरं, पण तिकीट काढताना तो निवडता येत नाही. अर्ज करायचा, आणि चार्ट लागल्यावर काय वाट्याला येतं ते बघायचं. कधीकधी चार जणांची केबिन मिळते आणि समोर एक रिटायर्ड सद्गृहस्थ असतात, ते तुम्हाला सकाळपर्यंत म्युच्युअल फंड समजावतात.

तरीही मी ट्रेनच म्हणतो. या मुलीसाठी तर ट्रेनच. तिला बस लागते, गाडी लागते, पण रेल्वे लागत नाही. एवढं एक कळल्यावर सगळा प्लॅन आपोआप सुटला. जिथे रूळ जात नाहीत तिथे आपण जायचं नाही. मुन्नार गेलं. कोडाई गेलं. उटीला म्हैसूरहून चढायचं नाही, म्हणून म्हैसूरही गेलं (मला वाईट वाटलं, पण गेलं). डोंगर हवाच असेल तर एक जागा अशी आहे जिथे रूळच डोंगर चढतात.

मेट्टुपालयमहून उटीची छोटी गाडी. ४६ किलोमीटर चढायला जवळजवळ पाच तास घेते. खालच्या टप्प्यात दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर जातं, आणि इंजिन डब्यांना ओढत नाही, मागून ढकलतं. कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये पोचली, उटीला १९०८ मध्ये. सायकलवाला मागे टाकेल असा वेग. कुणाला काही लागायचा प्रश्नच नाही. पण ही सकाळी सातच्या सुमाराला सुटते आणि खालून वरपर्यंत जाणारी दिवसातून एकच. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात दरड कोसळून बंदही पडते, म्हणून तुळशीच्या लग्नानंतर लगेच बोहल्यावर चढणाऱ्यांनी हिच्या भरवशावर राहू नये. आमचं लग्न फेब्रुवारीत आहे ते बरं.

तर आमचा प्लॅन असा. पुण्याहून दुपारी निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरू. तिथून दुपारी निघून रात्री कोइमतूरला पोचणाऱ्या गाड्या आहेत. कोइमतूरला दोन रात्री. का? गाडी उशिरा आली तर भरून निघावं म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी काहीही करायचं नाही म्हणून. यावर सगळ्यांचा आक्षेप. "कोइमतूरला? लोक हनिमूनला कोइमतूरला जातात?" नाही जात. म्हणूनच शांत झोप लागेल. चौथ्या दिवशी पहाटे उठून मेट्टुपालयम, हा अख्ख्या सहलीतला एकच पहाटेचा गजर. छोट्या गाडीने कुन्नूर, उटीला नाही. कुन्नूरला तीन रात्री, एकच खोली, बॅग पूर्ण रिकामी करून कपडे कपाटात लावायचे (ही अट माझ्या बायकोची). उटी बघायचंच असेल तर कुन्नूरहून तासाभराची गाडी आहे, जा आणि संध्याकाळी परत या. सातव्या दिवशी दुपारी त्याच गाडीने खाली, रात्री कोइमतूर. आठव्या दिवशी सकाळी चारेक तासांत एर्नाकुलम, जंक्शनला उतरायचं, टाउनला नाही. बोटीने फोर्ट कोचीला. तिथे दोन रात्री, समुद्र समोर. दहाव्या दिवशी दुपारी नेत्रावती. अकराव्या दिवशी सकाळी जाग येते तेव्हा गाडी कोकणात असते. दुपारी पनवेलला उतरायचं. पनवेल ते पुणे रस्त्याने, म्हणजे खंडाळ्याचा घाट आहेच. तो तेवढा एक आला. तिला विचारलंय, ती म्हणाली एक्स्प्रेस वेवर पुढच्या सीटवर बसलं तर चालतं.

तीन गावं. चार म्हणा हवं तर, कोइमतूर धरून.

तिकिटांचं एक सांगून ठेवतो, कारण इथेच लोक फसतात. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० होते). ते प्रत्येक गाडीच्या तारखेप्रमाणे उघडतं. म्हणजे सगळी सहल एका दिवशी बुक होत नाही. जायचं तिकीट मिळतं तेव्हा यायचं उघडलेलंही नसतं. दहा दिवस पुन्हा पुन्हा सकाळी आठला हजर राहावं लागतं. आधी छोटी गाडी बघावी, ती मिळाली नाही तर बाकीच्या तारखा एक दिवस पुढेमागे करता येतील एवढी जागा ठेवावी. तत्काळवर विसंबू नये. जुलै २०२५ पासून त्याला आधारची पडताळणी लागते, आणि ती केली तरी बर्थ मिळेलच असं नाही.

काल रात्री पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, पटलं. पण कन्याकुमारी एवढं घालू का? कोचीहून फार लांब नाही."

मी म्हटलं, "तिला विचारलंस?"

"विचारतो."

आज सकाळी 'हनिमून फायनल व्ही ८' आली. कन्याकुमारी नाही. कुन्नूरच्या दुसऱ्या दिवसासमोर पुतण्याने इंग्रजीत चार ठिकाणं लिहिली होती आणि त्यातली दोन कुणीतरी खोडली होती. आणि कोइमतूरच्या तिसऱ्या दिवसासमोर, 'पाहण्यासारखे' या रकान्यात, मराठीत, वेगळ्याच फाँटमध्ये लिहिलं होतं: 'झोप. नऊच्या आत कुणीही उठवू नये.'

बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "कूपेचा अर्ज तूच लिहून दे त्यांना. तुझं अक्षर चांगलं आहे."